घोट्याचं गंभीर फ्रॅक्चर: शस्त्रक्रियेचे पर्याय आणि नंतरचे महिने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केळीच्या बागेत ओल्या पाटावरून पाय घसरणं, ट्रॉलीवरून उडी चुकणं, विहिरीच्या कामात पडणं, सुरत-नागपूर महामार्गावर दुचाकी आडवी होणं. खानदेशात घोटा मोडण्याची कारणं साधारण हीच. घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'प्लेट कोणत्या कंपनीची?' हा असतो. खरं तर निकाल तीन गोष्टींवर ठरतो: त्वचेची अवस्था, सांधा किती अचूक बसला आणि नंतरचे तीन महिने कसे पाळले. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

'गंभीर' फ्रॅक्चर म्हणजे नेमकं कोणतं?

घोटा तीन हाडांचा असतो. नडगीचं मोठं हाड म्हणजे टिबिया, बाहेरच्या बाजूचं बारीक हाड म्हणजे फिब्युला आणि या दोघांच्या मधल्या खोबणीत बसणारं टॅलस. सुताराने चौकटीत कूस बसवावी तसं टॅलस त्या खोबणीत घट्ट बसतं. 1976 सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात टॅलस फक्त 1 मि.मी. बाहेर सरकलं तरी सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी घटलेला दिसला. नंतरच्या प्रयोगांत आकडे थोडे वेगळे आले, पण मुद्दा कायम राहिला: इथे मिलिमीटर मोजावे लागतात.

फक्त बाहेरचं टोक मोडलं आणि खोबण सरकली नाही, तर बहुतेकदा प्लास्टर किंवा घोटा धरून ठेवणारा काढता येण्यासारखा बूट पुरतो. आतलं-बाहेरचं दोन्ही टोकं मोडली, त्यात मागचा तुकडाही निघाला, सांधा निखळला, दोन हाडांना वरून बांधणारे लिगामेंट तुटले, हाड त्वचेबाहेर आलं, किंवा उंचावरून पडून टिबियाचं छतच चुरडलं (याला पायलॉन फ्रॅक्चर म्हणतात), तर ते गंभीर. पायलॉन या सगळ्यांत वाईट. त्याचा हिशेब पुढे प्रत्येक ठिकाणी वेगळा धरावा लागेल.

पहिल्या दोन-तीन तासांत काय करायचं? धडगाव-अक्कलकुव्याकडून नंदुरबारला येईपर्यंत वेळ जातो.

पायातली चप्पल, जोडवी, पैंजण लगेच काढा. नंतर सूज चढली की कापावे लागतात. एक मऊ उशी घोट्याभोवती गुंडाळा आणि वर-खाली दोन फडक्यांनी बांधा. घाटातल्या रस्त्यासाठी याहून चांगला आधार घरात सापडत नाही. बोटं उघडी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी ती गरम आहेत का, हलतात का, स्पर्श कळतो का हे बघा. हाड बाहेर आलं असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाका. हळद, माती, तंबाखू काहीही भरू नका आणि हाड आत ढकलू नका. 108 ला फोन करा. वाटेत चहा-नाश्ता देऊ नका, कारण पोहोचताच भूल द्यावी लागू शकते.

हाडवैद्याकडे आधी दाखवलं तर काय बिघडतं?

साध्या मुरगळण्यात कदाचित काही बिघडणार नाही. निखळलेल्या घोट्यात मात्र पाय जाऊ शकतो. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की आतली सूज बाहेर फुगू शकत नाही, दाब वाढतो, रक्त अडतं. बोटं ताणली तरी जीव जाईल अशी कळ येणं ही त्याची खूण. असं झालं तर बांधलेलं सगळं तिथेच सोडा आणि तातडीने मोठं रुग्णालय गाठा. शिवाय लेपाखाली त्वचा मऊ पडून फोड येतात आणि शस्त्रक्रियेची तारीख आणखी पुढे जाते.

रुग्णालयात नेलं, घोटा ओढून बसवला, कच्चं प्लास्टर घातलं आणि म्हणाले 'आठ-दहा दिवसांनी ऑपरेशन'. एवढं थांबवतात का?

थांबवतात, आणि ते बरोबर आहे. निखळलेला सांधा बसवणं ही तातडीची गोष्ट, कारण ताणलेली त्वचा आतून हाडाच्या दाबाने काही तासांत मरू शकते. प्लेट बसवणं मात्र तातडीचं नसतं. घोट्यावर मांस नाही, त्वचेखाली थेट हाड. सुजलेल्या त्वचेवर चीर दिली तर टाके ओढून बसत नाहीत, जखम उघडते, प्लेट दिसू लागते आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो.

डॉक्टर रोज त्वचेवर बारीक सुरकुत्या परतल्या का ते बघतात. त्या दिसल्या की सूज उतरली असं धरतात. साध्या दोन-तीन टोकांच्या फ्रॅक्चरला साधारण 5 ते 10 दिवस, पायलॉनला 10 ते 14, कधी 21 दिवसही लागतात. मार पडल्यावर अगदी पहिल्या काही तासांत, सूज चढायच्या आत आलात, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊ शकते. मात्र तीन आठवड्यांच्या पुढे ढकलू नका. तोवर मऊ हाड भरायला लागतं आणि तुकडे जागेवर आणणं अवघड होतं.

पाण्याचे फोड आले तर फोडू नका. रक्ताळलेला फोड साध्या पाण्याच्या फोडापेक्षा खोल असतो. त्यावरून चीर देणं टाळतात.

या दिवसांत घरी काय करायचं?

टाच हृदयापेक्षा उंच, हा एकच नियम. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं यात मोडत नाही. खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा लावा आणि पोटरीखाली उशी घ्या. टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी राहू द्या, नाहीतर टाचेला व्रण पडतो. बोटं दर तासाला हलवा. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर बर्फ नकोच. प्लास्टरखाली खाज आली म्हणून विणायची सुई किंवा पट्टी आत घालू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, खाज येणारच. कूलरची हवा पायाकडे घ्या.

एक्स-रे काढलाय, मग सीटी स्कॅन कशाला?

मागचा तुकडा आणि पायलॉन यांचं खरं रूप एक्स-रेत दिसत नाही. पूर्वी मागचा तुकडा सांध्याच्या 25 टक्क्यांहून मोठा असेल तरच तो पकडायचा, असा नियम होता. आता तुकड्याचा आकार, तो कुठे सरकलाय आणि सांध्यात चुरा अडकलाय का हे सीटीवर पाहून ठरवतात. पायलॉनमध्ये आधी बाहेरून पिना-सळ्यांचा सांगाडा लावून हाड लांबीला आणायचं आणि मग सीटी काढायचा. उलट केलं तर तुकडे एकमेकांत घुसलेले दिसतात आणि तो खर्च वाया जातो.

शस्त्रक्रियांचे पर्याय कोणते, आणि कोणता कधी?

सगळ्यांत जास्त होते ती प्लेट-स्क्रूची. बाहेरच्या बाजूने चीर देऊन फिब्युलाची लांबी आणि पीळ आधी बरोबर करतात, मग एक तिरपा स्क्रू आणि पातळ प्लेट. ठिसूळ हाडात लॉकिंग प्लेट घेतात. तिचे स्क्रू प्लेटलाच आटे घेऊन बसतात, त्यामुळे हाड ठिसूळ असलं तरी सहसा सुटत नाहीत. आतल्या टोकाला साधारण 4 मि.मी.चे दोन स्क्रू, तुकडा फारच लहान असेल तर तारेचा ताणबंध. मागच्या तुकड्याला मागून छोटी आधार-प्लेट. याचा फायदा असा की सांधा डोळ्यांसमोर बसवता येतो आणि घोटा लवकर हलवता येतो. तोटा जखमेचा. मधुमेह, बिडी-तंबाखू, खराब रक्तवाहिन्या असल्या तर तो धोका कितीतरी वाढतो.

फिब्युलाला प्लेटऐवजी आतून बारीक खिळा घालणं हा दुसरा मार्ग. चीर एक-दोन सेंटिमीटरची, म्हणून पातळ कातडीच्या म्हाताऱ्या माणसांत चांगला. पण हाडाचे खूप तुकडे असले तर लांबी-पीळ राखायला हाताला सवय लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येक ठिकाणी हा केला जाईल असं धरू नका, विचारून घ्या.

पायलॉनला एका बैठकीत प्लेट बसवण्याचा मोह टाळावा लागतो. पहिल्या दिवशी बाहेरचा सांगाडा: नडगीत दोन पिना, टाचेतून एक आरपार पिन, बाहेरून सळ्यांचा त्रिकोण. फिब्युला मोडलं असेल तर काही सर्जन तेही तेव्हाच बसवतात. सूज उतरली की दुसऱ्या बैठकीत सांध्याचं छत उचलून, खाली पोकळी राहिली तर कमरेच्या हाडातून भर घालून प्लेट. दोन चिरांमध्ये 5 ते 7 सें.मी. त्वचा शाबूत ठेवतात, नाहीतर मधली पट्टी काळी पडते.

इलिझारोव्ह किंवा तशी रिंग (पायाभोवती बाहेरून लावायची गोल चौकट) त्वचा फाटलेली, मळलेली किंवा हाड चुरा झालेलं असेल तेव्हा. बारीक ताणलेल्या तारांनी हाड धरलं जातं आणि मोठी चीर लागत नाही. तीन-चार महिने पायात रिंग घेऊन राहावं लागतं आणि तारांच्या तोंडाशी पू होणं ही रोजची कटकट. दररोज सलाईनने स्वच्छ करणं हे घरच्यांचं काम. त्यात कंटाळा केला की तार सैल होते. सांधा प्लेटइतका अचूक बसवणं कठीण, हेही खरं.

शेवटचा पर्याय टाचेतून वर नडगीत खिळा घालणं. वय झालेलं, पाय बधिर, चालणं आधीच घरापुरतं, अशा माणसाला यात लगेच पाय टेकवता येतो. बदल्यात घोटा कायमचा ताठ राहतो. तरण्या शेतकऱ्याला हा पर्याय देऊ नये.

बाहेरची प्लेट बसवली, तरी आडवा स्क्रू किंवा 'दोरी' कशासाठी?

टिबिया आणि फिब्युला यांना जोडणारे लिगामेंट तुटले असतील तर फक्त हाड जोडून खोबण घट्ट होत नाही. टेबलावरच फिब्युला हुकाने ओढून सी-आर्मवर (शस्त्रक्रियागृहातल्या चालू एक्स-रे यंत्रावर) पाहतात. सांधा उघडला तर सांध्याच्या 2 ते 3 सें.मी. वरून, पुढच्या दिशेने थोडा तिरका स्क्रू टाकतात, किंवा दोन बटणांमध्ये ताणलेला मजबूत धागा. धागा महाग असतो, पण थोडी हालचाल देतो आणि सहसा काढावा लागत नाही. स्क्रू स्वस्त. पायावर वजन आल्यावर तो कधी सैल होतो, कधी तुटतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, म्हणून हल्ली प्रत्येकाचा काढत नाहीत. काढायचाच असेल तर साधारण तीन महिन्यांनंतर. इथे होणारी मोठी चूक वेगळीच आहे: फिब्युला खाचेत पुढे-मागे चुकीचं बसणं. पैसे वाचवायचे तर धाग्यावर वाचवा, फिब्युला नीट बसलं का याच्या तपासणीवर नको.

हाड बाहेर आलं असेल तर?

मग थांबायचं नाही. अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात शिरेतून, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि शस्त्रक्रियागृहात अनेक लिटर सलाईनने धुऊन मेलेली ऊती काढणं. शेणखताच्या मातीत पडलेली जखम असेल तर तसं स्पष्ट सांगा, औषध बदलतं. बहुतेकदा आधी बाहेरचा सांगाडा आणि मग बाकीचं. त्वचा कमी पडली तर प्लास्टिक सर्जनही लागतात, म्हणून सुरुवातीलाच तशी सोय असलेलं ठिकाण निवडलेलं बरं.

आईचं वय 72 आहे. ऑपरेशन टाळता येईल का?

काही वेळा येतं. साठीपुढच्या 620 जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भूल देऊन अगदी अंगाला घट्ट बसणारं प्लास्टर आणि प्लेटची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. सहा महिन्यांनी घोट्याचं काम जवळजवळ सारखंच होतं. जखमेचा त्रास प्लास्टरवाल्यांत कमी, हाड वाकडं जुळणं जास्त, आणि पाचातल्या साधारण एकाला उपचार बदलून शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. हे प्लास्टर शिकलेल्या हातांनी शस्त्रक्रियागृहात घातलेलं होतं आणि एक्स-रे पुन्हा पुन्हा काढले जात होते. गावात घातलेल्या ढिल्या प्लास्टरला हा निष्कर्ष लावू नका.

मधुमेह आहे. साखर 'थोडी' वाढलेली असते.

थोडी म्हणजे किती ते एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून सांगा. पाय बधिर झाला असेल तर फ्रॅक्चरचा विषयच वेगळा होतो: जास्त स्क्रू, जास्त मजबूत बांधणी, टाके तीन आठवडे आणि पाय न टेकण्याचा काळ जवळजवळ दुप्पट. दुखत नाही म्हणून लवकर चालणारा रुग्ण प्लेट वाकवून परत येतो.

आमच्या घरात सिकलसेल आहे. काही फरक पडतो?

पडतो, आणि न विचारता सांगा. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार पुष्कळ आहे. मांडीला बांधायचा रक्तरोधक पट्टा, थंड शस्त्रक्रियागृह, पाणी कमी पडणं, प्राणवायू कमी पडणं या सगळ्यांनी सिकलसेलचा तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. भूलतज्ज्ञ आधी हिमोग्लोबिन पाहतील, सलाईन लवकर सुरू करतील, अंग गरम ठेवतील आणि पट्टा वापरायचा की नाही ते ठरवतील. तपासणी कधी झालीच नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्या, साध्या रक्ताच्या थेंबावर सुरुवात होते.

शस्त्रक्रियेनंतर कधी काय?

पहिले दोन आठवडे कच्चं प्लास्टर, पाय उंच, बोटं आणि गुडघा हलता. टाके 12 ते 14 दिवसांनी. त्यानंतर काढता येणारा बूट, आणि दिवसातून चार-पाच वेळा बूट काढून घोटा वर-खाली दहा-दहा वेळा. पायात टॉवेल अडकवून पंजा स्वतःकडे ओढा आणि वीस-तीस सेकंद धरा. हा व्यायाम सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत उपयोगी. सहाव्या आठवड्याला एक्स-रे. साध्या फ्रॅक्चरमध्ये बहुतेक लोक तिसऱ्या महिन्याच्या आसपास आधाराशिवाय घरात चालतात. पायलॉनला 10 ते 12 आठवडे पाय टेकवायचाच नाही, आणि पूर्वीसारखं काम सहा महिने ते वर्षभराने. त्यातल्या अनेकांचा सांधा पुढे झिजतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभर राहते. तेवढ्यावरून काही बिघडलं असं समजू नका.

पाय कधी टेकवायचा? एक डॉक्टर दोन आठवडे म्हणतात, दुसरे सहा.

दोघेही बरोबर असू शकतात. ब्रिटनमधल्या 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी चालायला लागलेले लोक सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. पण हे घट्ट बसलेल्या साध्या प्लेटिंगला. पायलॉन, बधिर पाय, फार ठिसूळ हाड किंवा आडवा स्क्रू असेल तर सर्जनचाच शब्द. 'अर्धवट वजन' म्हणजे काय ते कळत नसेल तर वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून 20 किलो दाब किती ते दोन-तीनदा अनुभवा.

कुबड्या वापरताना काय चुकतं?

काखेत टेकून चालणं. त्याने हाताची नस दबते. वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवी, वजन तळहातावर. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर झिजलेलं रबर घसरतं. नवीन रबर थोड्या पैशांत मिळतं.

उकिडवं बसता येईल का? शौचालय देशी आहे.

सपाट चालायला पंजा साधारण 10 अंश वर आला तरी भागतं. उकिडवं बसायला त्याच्या तिप्पट तरी लागतं आणि तेच सगळ्यांत उशिरा परततं. पहिले तीन-चार महिने भोकाची खुर्ची वापरा. पुढे टाचेखाली पातळ फळी घेऊन सवय करा. गंभीर फ्रॅक्चरनंतर काहींचं पूर्ण उकिडवं बसणं परत येत नाही. निंदणी-खुरपणीचं काम असेल तर हे शस्त्रक्रियेआधीच बोलून घ्या.

काय खायचं? पायाचं सूप द्यायचं का?

सूप चवीला घ्या, हाड त्याने जुळत नाही. प्रथिनं लागतात: किलोमागे रोज साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 70 ते 90 ग्रॅम. एक अंडं 6 ग्रॅम, पाव लिटर दूध 8, 50 ग्रॅम शेंगदाणे 12-13. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्याने ती नुसत्या ज्वारीपेक्षा बरी. शेवभाजीच्या तेलाने काही साधत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. तंबाखू-बिडी मात्र पूर्ण बंद, 'एक-दोन' चालत नाही.

कोणत्या लक्षणांवर ताबडतोब जायचं?

पोटरी दुखून सुजणं, आणि विशेषतः एकाएकी धाप किंवा छातीत कळ: रक्ताची गाठ असू शकते, रात्र काढू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, काळी पडणारी कडा. बोटं निळी-थंड, किंवा गोळीला न जुमानणारं वाढतं दुखणं. जखमेच्या पुढच्या बाजूला मुंग्या येणं किंवा बधिरपणा मात्र बऱ्याचदा त्वचेच्या नसेमुळे असतो आणि हळूहळू कमी होतो.

खर्च कसा भागवायचा?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. खासगीत जायचं तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते भरती होण्याआधी विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमची नेमकी शस्त्रक्रिया आणि इम्प्लांट त्यात बसतं का हे आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) सांगेल. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद करून घ्या, विम्याच्या दाव्याला ती लागते. इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये जपा. पुढे प्लेट काढायची वेळ आली तर कोणता पेचकस लागेल ते त्यावरून कळतं.

प्लेट काढायलाच हवी का? गाडी कधी चालवू?

टोचत नसेल तर प्लेट राहू द्या. बाहेरची प्लेट चप्पल-बुटाला घासते म्हणून काहींना त्रास होतो. तेव्हा हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने काढतात. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत सहा आठवडे धावणं, उड्या नकोत. गाडीचं म्हणाल तर उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण 9 आठवडे लागतात असं मोजलं गेलं आहे. बूट सुटलेला हवा आणि अचानक ब्रेक दाबताना कळ येता कामा नये. ट्रॅक्टरचा ब्रेक कारपेक्षा जड, त्याला आणखी महिनाभर द्या.